पाठीवरच्या नजरा

बुद्धिबळ बघायला येणारा माणूस हा एक वेगळाच प्राणी असतो. क्रिकेट बघणारा ओरडतो, कबड्डी बघणारा मांडी थोपटतो, हा मात्र नुसता उभा राहतो. हात पाठीशी बांधून, मान तिरकी करून पटाकडे असा बघतो, की त्या चौसष्ट घरांचा सातबारा याच्याच नावावर असावा. बोलायला बंदी असते म्हणून बोलत नाही, पण नाकातून सोडलेल्या एका श्वासात सांगून टाकतो की खेळणाऱ्याने माती खाल्ली. वर स्वतःला सभ्य समजतो.

वसईजवळच्या गिरीज गावच्या मेघना राऊतचं आयुष्य या सभ्य माणसांनी नासवलं होतं. चोवीस वर्षांची पोरगी. दुपारी विरारला चंदनसारच्या दोन सोसायट्यांत मुलांना बुद्धिबळ शिकवायची आणि संध्याकाळी गिरीजला परत येऊन सेबॅस्टियन सरांच्या ओटीवर स्वतः खेळायची. सर शाळेतून गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झालेले. सातव्या वर्षी त्यांनीच तिच्या हातात पहिलं प्यादं दिलं होतं. ते सगळ्यांना सांगायचे, "बंद खोलीत ही पोर कोणालाही हरवील." आणि मग खालच्या आवाजात पुस्ती जोडायचे, "पण स्पर्धा बंद खोलीत होत नाहीत, काय करणार!"

व्हायचं असं, की डाव रंगात आला की कोणीतरी तिच्या पाठीमागे येऊन उभं राही. तिला मागे वळून बघावं लागत नसे. आधी मान गरम होई. मग ती ऊब दोन खांद्यांच्या मधोमध उतरे आणि तिथेच बसे. दुसरा आला की दुसरी, तिसरा आला की तिसरी. सहा-सात नजरा पाठीवर जमल्या की हात तिचा राहत नसे. एकदा पालघरला हत्ती उचलायचा म्हणून तिने हात पुढे केला आणि बोटांत उंट आला. शिवलेला मोहरा खेळावाच लागतो. जिंकलेला डाव तिथेच गेला, आणि मागे सात जणांनी नाकातून श्वास सोडले.

उपाय काय कमी केले? कानात कापूस घालून झाला, डोक्यावरून ओढणी घेऊन झाली. विरारच्या एका समुपदेशक बाईंनी सांगितलं, लोक नाहीतच असं समज. लोक मात्र होते.

त्या वर्षी तर पाणी गळ्याशी आलं होतं. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून भरती होती. अट अशी की वय पंचवीसच्या आत हवं आणि राज्याच्या संघातून खेळलेलं असावं. मार्चमध्ये मेघना पंचवीस पूर्ण करणार होती. जानेवारीत विरारलाच महिलांची राज्य निवड स्पर्धा होती, त्यातल्या पहिल्या चार जणी संघात. ही शेवटची संधी होती, नाहीतर पुढे चंदनसारच्या मुलांना आयुष्यभर घोड्याची अडीच घरं शिकवत बसायचं. तिला ते नको होतं. अगदी मनापासून नको होतं, आणि तसं कबूल करायची तिला लाजही वाटत नव्हती.

आता तिच्या बाबांविषयी सांगायला हवं. मधू राऊत म्हणजे अस्सल वाडीवाला. केळी, थोडी पानवेल, चार वाफे भाजीचे. घरात घरची बोली, तोंडात कायम काहीतरी थट्टा. बुद्धिबळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. वजिराला ते राणी म्हणत आणि हत्तीला किल्ला. पण नजर या विषयात त्यांचा हात कोणी धरला नसता. केळीचा लोंगर, म्हणजे घड, भरायला लागला की ते बांधावर एक मडकं उलटं टांगायचे. बुडाला काजळी फासलेली, वर चुन्याचे ठिपके, कधी दोन डोळे आणि दात काढलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर आधी मडक्यावर पडते, तिथेच खर्ची पडते, लोंगरापर्यंत पोचत नाही, असा त्यांचा हिशेब. हंगामभर नजरा खाऊन मडकं तडकलं की ते खाली उतरवून वाडीच्या तळ्यात, बावखलात, बुडवायचं आणि दुसरं टांगायचं. यात त्यांना अंधश्रद्धा वगैरे काही वाटत नसे. खत घालतात तसं मडकं टांगतात, इतकंच.

नोव्हेंबरात वसईला जिल्ह्याची स्पर्धा होती. पहिल्याच दिवशी मेघना डबा घरी विसरली. बाबा बांधावर मडक्यांना चुना लावत होते. आईने, म्हणजे आनंदीबाईंनी, हाक मारून डबा हातात दिला. ते तसेच स्कूटरला टांग मारून निघाले. अंगात फाटका सदरा, कमरेला पंचा, पाय चिखलाचे आणि चेहऱ्यावर उडालेले चुन्याचे ठिपके. हॉलमध्ये शिरले आणि मेघनाच्या मागे दोरीपलीकडे एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर डबा मांडीवर घेऊन बसले.

मेघनाला काही ठाऊक नव्हतं. पाठीवर पाच नजरा घेऊन ती एका वाईट डावात अडकली होती. आणि एकाएकी मान गार झाली. खांद्यांमधली ऊब कोणीतरी पुसून घ्यावी तशी गेली. तिला वाटलं, सगळे जेवायला गेले. तिने शांतपणे पट बघितला आणि जी खेळी अर्धा तास दिसत नव्हती ती समोरच होती. डाव जिंकून ती वळली, तर सगळे जागच्या जागी होते. फक्त तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. अख्खा घोळका बाबांकडे बघत होता.

घरी येताना स्कूटरवर ती हे सांगून हसत होती. बाबा हसले नाहीत. वाटेत एका फाट्यावर स्कूटर थांबवून म्हणाले, "मेघू, ह्या तर मडक्याचाच काम झाला की गो!"

दुसऱ्या दिवशीपासून ते ठरवूनच यायला लागले. कपाळावर एक आणि दोन गालांवर दोन, असे चुन्याचे ठसठशीत ठिपके. पंचांनी विचारलं, हे काय? बाबांनी सांगितलं, नवस हाय. वसईत नवस म्हटलं की विषय संपतो. हिंदू असो की ख्रिस्ती, नवसाच्या आड कोणी येत नाही. खुर्चीत गप्प बसलेल्या म्हाताऱ्याला बाहेर काढायचा नियमही कुठल्या पुस्तकात नव्हता. सेबॅस्टियन सरांनी तेवढं तोंड वाकडं केलं. म्हणाले, "मधू, लोक तुला हसतात रे." बाबा म्हणाले, "हसू दे की सर. हसतात तवर माज्याकडंच बघतात ना?"

मेघना जिल्ह्यात पहिली आली.

सुरुवातीला लोक खरंच हसायचे. मग हसणं थांबलं, बघणं थांबेना. माणसं पट बघायला म्हणून यायची, दोन पटांशी रेंगाळायची आणि पाय आपोआप त्या खुर्चीकडे वळायचे. तिथे येऊन उभी राहायची, हात पाठीशी बांधून. बघत राहायची. का बघतोय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. एकदा कोणाच्या तरी कडेवरचं मूल त्यांच्याकडे बघून रडायला लागलं. रडता रडताही त्याला मान फिरवता येईना, तेव्हा आईनेच त्याचे डोळे हाताने झाकून त्याला बाहेर नेलं. समोर बसलेल्या मुलींना तर बाबा ऐन तोंडावर दिसायचे, त्या कपाळावर हाताचा आडोसा करून खेळायच्या. आणि मेघनाचा डाव? तो कोणी बघितलेलाच नसे. निकालाच्या कागदावर तिचं नाव असायचं, पण लोक म्हणायचे, त्या ठिपकेवाल्यांची मुलगी जिंकली वाटतं.

मेघनाला याचं काही वाटत नव्हतं. तिची पाठ गार होती.

डिसेंबरात पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते कावळ्यांचं. रोज सकाळी बाबा मागच्या दाराशी उरलेला भात टाकायचे आणि वाडीतले कावळे त्यांच्या पायांत घुटमळायचे, दोन तर हातावर येऊन बसायचे. त्या सकाळी भात टाकून बाबा उभे होते आणि कावळे लांबच्या माडावर ओळीने बसून होते. एकही खाली येईना. बाबांनी बोलावून बघितलं, भाताच्या ढिगापासून चार पावलं मागे सरले. मग घरात आले. ते आत येताच सगळे भर्रकन उतरले.

"शानं झालेत," बाबा म्हणाले. पण बराच वेळ खिडकीतून बघत राहिले.

मग ती रेघ. डाव्या कानापासून हनुवटीकडे उतरणारी, केसासारखी बारीक. मेघनाला वाटलं चुना लागलाय, म्हणून तिने ती बोटाने पुसायला घेतली. रेघ पुसली गेली नाही. बोटाला तिची कड लागली, कोरडी आणि गार. तिने हात चटकन मागे घेतला.

"दाढी करताना लागला असंल," बाबा म्हणाले.

"रक्त कुठे आलंय?"

"मंग नसंल लागला."

आनंदीबाईंचं लक्ष तर आधीपासूनच होतं. एके दिवशी दुपारी पानवेलीशी दोघीच असताना त्या म्हणाल्या, "दोन मानसांचा जेवतात आताशी. पन अंगाला काय लागत नाय. खोकले तर आवाज कसा येते, ऐकलास? रिकाम्या टाकीत खोकल्यासारका." पानं खुडता खुडता त्या थांबल्या. "तू त्यांना नेऊ नको गो."

"मी कुठे नेते? तेच येतात."

"तू नाय बोललीस तर नाय येनार."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच मेघनाला राग आला. त्या संध्याकाळी ती बाबांना म्हणाली, "बाबा, तुम्ही विरारला नाही आलात तरी चालेल." शब्द बरोबर होते, पण म्हणताना ती त्यांच्याकडे न बघता चपला सरळ करत होती. बाबा म्हणाले, "नऊच दिवसांचा तर काम हाय. मंग सुट्टी." तिला बरं वाटलं. बरं वाटलं याची लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

"आणि काही झालं तर?" तिने विचारलं.

"मानसाला काय होते? मी काय कुंभारवाड्यातून आनलेला हाय?" आणि ते हसले. हसताना ती रेघ जराशी उघडल्यासारखी झाली. मेघनाने लगेच दिव्याकडे बघितलं.

राज्य निवड स्पर्धा शनिवारी सुरू झाली. रोज सकाळी दहाला एक फेरी, असे नऊ दिवस. हॉल मोठा, गॅलरीसकट. महाराष्ट्रभरच्या मुली आणि त्यांच्या मागे त्यांचे आईबाप, मामा, प्रशिक्षक. म्हणजे तीनशे जोडी डोळे सहज. पहिले चार दिवस बाबा खुर्चीत होते आणि मेघना चारही डाव जिंकली. कोल्हापूर-सांगलीकडचे लोक, ज्यांना गिरीजही माहीत नाही आणि नवसही माहीत नाही, तेसुद्धा मुकाट्याने त्या खुर्चीभोवती जमत होते. चौथ्या दिवशी मेघनाला जाणवलं की बाबा आता पापणी लववत नाहीत. तिने मनात मोजलं. शंभरापर्यंत मोजलं आणि मग पटाकडे वळली, कारण समोरचीने खेळी केली होती.

बुधवारी आनंदीबाईंनी ऐकलं नाही. पहाटे बाबांच्या अंगात ताप होता. आनंदीबाईंनी चुन्याची डबी लपवली, स्कूटरची किल्ली कमरेला खोचली आणि दारात बसल्या. "आज कोन कुटं जानार नाय." मेघना म्हणाली, "बरोबर आहे आई. मी जाते एकटी."

ती बाविसाव्या खेळीला हरली. तीनशे जोडी डोळे तिच्या पाठीवर एकदम आले. इतके दिवस न आलेल्या नजराही जणू साठून राहिल्या होत्या, त्याही बरोबर आल्या. कुडता पाठीला चिकटला. हाताला दरदरून घाम सुटला आणि वजीर बोटांतून निसटून जमिनीवर पडला. तो टेबलाखालून उचलून देताना समोरची मुलगी कीव करून हसली. हरण्यापेक्षा ते हसणं मेघनाला जास्त लागलं.

घरी येऊन ती मधल्या खोलीत गेली आणि रडली. आता हे स्पष्टच सांगायला हवं, कारण पुढे तिने स्वतःशीही ते स्पष्टच कबूल केलं. घरात तीन खोल्या होत्या. रडायला मागची खोलीही होती, तिकडून काही ऐकू गेलं नसतं. मधल्या खोलीची भिंत बाबांच्या खाटेला लागून होती. ती त्या भिंतीशी बसून रडली आणि आवाज दाबला नाही.

गुरुवारी सकाळी सातला बाबा कपाळावर आणि गालांवर ठिपके लावून ओटीवर तयार बसले होते. आनंदीबाई चुलीशी होत्या, त्यांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

सहावी, सातवी, आठवी फेरी. दोन विजय, एक बरोबरी. रविवारच्या शेवटच्या फेरीत जिंकली तर मेघना चौथी आणि संघात, बरोबरी झाली तर पाचवी. समोर नालासोपाऱ्याची लविना होती. सतरा वर्षांची, चेंगट, कोणाच्या हातून सहजी न मरणारी.

त्या सकाळी सेबॅस्टियन सर चर्चमधली मिस्सा आटोपून थेट हॉलवर आले. त्यांनी बाबांना खुर्चीत बसलेलं बघितलं. दोन रेघा झाल्या होत्या आता, दुसरी कपाळावरून ठिपक्याच्या मधून गेलेली. सर मेघनाकडे आले. "मेघना, मधूला घरी पाठव. मी सोडून येतो." ते कधी नव्हे ते घाबरलेले दिसत होते.

"सर, आजच्या दिवस."

"पोरी, मला तुझा तो नजरेचा प्रकार पटत नाही. पण मला डोळे आहेत."

"सर, फक्त आजच्या दिवस," ती पुन्हा म्हणाली. पंचांनी घड्याळं सुरू करायला सांगितली आणि सरांना दोरीपलीकडे जावं लागलं.

चाळीस खेळ्यांना दीड तास. चाळीस झाल्या की वर अर्धा तास मिळायचा. लविनाने डाव असा काही घोळवला की वेळ हाताला लागेना. पण मेघनाची पाठ गार होती, कधी नव्हती इतकी गार. मागे शे-दीडशे माणसं होती आणि कोणाचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. तिसाव्या खेळीला तिने एक प्यादं मारलं. पस्तिसाव्याला हत्तींची मारामारी झाली आणि एकेक हत्ती उरला. तिचं प्यादं पुढे सरकायला मोकळं होतं. अडतिसावी खेळी करून तिने घड्याळ दाबलं तेव्हा तिच्याकडे दीड मिनिट शिल्लक होतं.

लविनाने उत्तर दिलं. मेघनाने हत्तीकडे हात न्यायला घेतला आणि तिची मान गरम झाली.

पहिल्यांदा एक नजर. मग चार, मग दहा. मग एखादं दार उघडावं तशा सगळ्या एकदम तिच्या पाठीवर आल्या, मानेपासून कमरेपर्यंत बोटभर जागा उरली नाही. पाय सरकवल्याचे आवाज झाले. कोणीतरी खोकलं, कोणीतरी नाकातून श्वास सोडला. पाठीमागचा घोळका जागा झाला होता आणि तिच्याकडे बघत होता.

त्या खुर्चीत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे तिला कळायला काही वेळ लागला नाही. ते तिला त्याच क्षणी, नीट, पूर्ण कळलं. उठ, असं आतून कोणीतरी म्हणालं. तिने घड्याळ बघितलं. एक मिनिट अठरा सेकंद. दोन खेळ्या. दोन खेळ्या केल्या की अर्धा तास मिळतो, मग उठता येईल, मग खुशाल उठता येईल. आत्ता उठलं तर वेळ संपून डाव जाईल आणि इतक्या दिवसांचं सगळं वाया जाईल, बाबांचंसुद्धा. असं तिने स्वतःला सांगितलं. बाबांचं नाव तिने त्यात घातलं.

मग तिने हत्ती उचलला. हत्तीच उचलला, उंट नाही. तो जिथे ठेवायचा तिथे ठेवला आणि घड्याळ दाबलं. दीडशे नजरा पाठीवर होत्या आणि तिचा हात जरासुद्धा कापला नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर तिचा हात तिचा होता. लविना विचार करत बसली. मेघना पटाकडे बघत बसली. मागे बघितलं नाही. लविना खेळली. मेघनाने चाळिसावी खेळी केली, प्यादं एक घर पुढे सरकवलं, आणि स्कोअरशीटवर शांतपणे, वळणदार अक्षरात लिहिली.

लविनाने पटाकडे बघितलं, मोठा श्वास घेतला आणि हात पुढे केला. मेघना जिंकली होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ती उठली आणि वळली.

बाबा खुर्चीत ताठ बसले होते. डोळे उघडे, हात मांडीवर, ठिपके जागच्या जागी. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे पाठ करून तिचं अभिनंदन करायला पुढे येत होती. एकाचा धक्का खुर्चीला लागला आणि बाबा एका बाजूला कलंडले, कसलाही आवाज न करता.

सेबॅस्टियन सर लोकांना ढकलत आले. उचलायला चार माणसं बोलावली, पण दोघांनाच ते सहज झालं. पुढून धरणारा माणूस चपापला आणि त्याने मागच्याकडे बघितलं. बाहेर डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, केव्हा ते नेमकं सांगता येणार नाही. सरांनी शेजारी उभ्या असलेल्यांना विचारलं. कोणालाही सांगता आलं नाही. आम्ही पट बघत होतो, म्हणाले.

तेरावं झालं. त्यानंतरच्या सोमवारी संघात निवड झाल्याचं पत्र आलं. मेघनाने ते वाचलं आणि देव्हाऱ्यापाशी ठेवलं. आनंदीबाई ओटीवर बसून खायची पानं वेगळी करत होत्या, मोठी एकीकडे, लहान एकीकडे. पत्रात काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

"एक विचारू?" त्या म्हणाल्या. "सर बोलले, कोनाला कायच समजला नाय. मला ते पटत नाय. तुला समजला आसंल."

मेघना उंबऱ्यात उभी होती. नाही म्हणता आलं असतं. आईला बुद्धिबळ कळत नव्हतं, नाही म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"समजलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"अडतिसाव्या खेळीनंतर."

"आनि उठलीस कधी?"

"चाळिसावी झाल्यावर."

आनंदीबाईंनी हातातलं पान खाली ठेवलं. "मंजे मधी किती?"

"दोन खेळ्या, आई. मिनिटभर. थोडं जास्तच."

आनंदीबाईंनी मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. नुसत्या बघत राहिल्या. मेघनाच्या कपाळापाशी ऊब आली, मग डोळ्यांवर, मग गळ्याशी. पाठीवरच्या नजरा तिने जन्मभर सोसल्या होत्या, ही पहिल्यांदाच समोरून येत होती. ती आत गेली नाही, तिने मानही खाली घातली नाही. आई बघेल तितका वेळ ती उंबऱ्यात उभी राहिली, कारण मधे बसायला आता कोणी नव्हतं.